78 मिनिटं

फेब्रुवारी 2024. जगभरचे संगणक कोसळायला अजून पाच महिने आहेत. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या 'फाल्कन' या संरक्षक सॉफ्टवेअरमध्ये तपासणीची एक नवी सोय येते. तिच्यासाठी माहितीचे 21 रकाने ठरवलेले. प्रत्यक्षात पुरवले जातात 20च. एकविसाव्यात नेमकं काय आहे हे कुणी तपासायलाच सांगत नाही, त्यामुळे चाचण्या पार पडतात.

शुक्रवार, 19 जुलै, सकाळी 9:39. अमेरिकेत रात्र, भारतात कचेऱ्या उघडायची वेळ. फाल्कनची 291 क्रमांकाची नवी फाइल एकाच वेळी जगभर सुटते. आधी थोड्या संगणकांवर लावून बघायची साधी खबरदारीही घेतलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच. ही फाइल एकविसावा रकाना वाचायला सांगते. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतं. तिथे नसलेल्या जागी हात घातला की अख्खा संगणक कोसळतो. निळा पडदा. पुन्हा चालू, पुन्हा निळा पडदा.

10:57. फाइल मागे घेतली जाते. मधल्या 78 मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, 85 लाख संगणक गेलेले असतात.

दुपार. मुंबई विमानतळावर इंडिगो, अकासा, स्पाइसजेटच्या खिडक्यांपुढे रांगा. प्रवाशांची नोंद हाताने. देशात काही ठिकाणी बोर्डिंग पासही पेनाने लिहिलेले. घरातले संगणक मात्र शाबूत, कारण फाल्कन मुख्यतः कंपन्या आणि संस्था विकत घेतात. रिझर्व्ह बँकेला 10 बँका व वित्तसंस्थांत किरकोळ अडथळे आढळतात.

संध्याकाळ. बिघाड तारेतून आला, दुरुस्तीला मात्र बहुतेक ठिकाणी माणूसच जायला हवा. एकेका यंत्रापुढे बसायचं, सेफ मोडमध्ये चालू करायचं, ती फाइल शोधून पुसायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी 48 आकडे बिनचूक टाकायचे. ते आकडे ज्या सर्व्हरवर जपलेले, तोच बंद असेल तर? तंत्रज्ञांचे हाल झाले ते इथे.

शनिवार, पहाटे 3. विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत झाल्याचं नागरी उड्डाणमंत्री राममोहन नायडू नंतर सांगतात.

25 जुलै. 97 टक्क्यांहून अधिक यंत्रं परत आल्याचं क्राउडस्ट्राइक जाहीर करते. यापुढे अशा फाइली टप्प्याटप्प्यानेच सोडायचं तिने आता कबूल केलेलं असतं.