ग्लो प्लग काढणे

ग्लो प्लग काढणे ही डिझेल मोटारीच्या दुरुस्तीतील एक नाजूक प्रक्रिया आहे. ग्लो प्लग हा इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये आट्यांनी बसवलेला, पेन्सिलीएवढ्या जाडीचा विद्युत तापक असतो. अनेक वर्षे न हलवलेला प्लग हेडमध्ये घट्ट अडकतो व जोर लावल्यास तुटतो. तुटलेला तुकडा काढण्यासाठी प्रसंगी संपूर्ण हेड उतरवावे लागते.

कार्य

डिझेल इंजिनात ठिणगीचा वापर होत नाही. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. थंड इंजिनात ही उष्णता सभोवतालच्या धातूत शोषली जाते. अशा वेळी ग्लो प्लगचे टोक काही सेकंदांत सुमारे ८५० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापून प्रज्वलनास मदत करते. साधारणतः प्रत्येक सिलिंडरला एक प्लग असतो.

अडकण्याची कारणे

प्लगचे टोक व हेडमधील छिद्र यांच्यातील अरुंद फटीत ज्वलनाची काजळी साचून कडक होते. प्लग पोलादी व हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असल्याने ओलाव्याच्या संपर्कात आट्यांमध्ये क्षरण होते. मागील वेळी प्लग प्रमाणाबाहेर आवळला गेला असल्यासही तो अडकतो. अनेक मोटारींत प्लग इनटेक मॅनिफोल्डखाली किंवा नळ्यांच्या आड असल्याने पाना सरळ बसत नाही. तिरक्या ताणामुळे प्लग तुटण्याचा धोका वाढतो.

काढण्याची पद्धत

प्लग खरोखर निकामी आहे का, हे तो न काढताही तपासता येते. वायर सोडवून मल्टिमीटरने त्याचा विद्युत रोध मोजतात. चांगल्या प्लगचा रोध अत्यल्प, बहुधा १ ओमच्या आसपास असतो. तार तुटलेल्या प्लगमधून प्रवाह वाहत नाही.

काढण्यापूर्वी आड येणारे भाग उतरवून प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने साफ केली जाते. आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ते काही तास, शक्यतो रात्रभर, मुरू देतात. त्यानंतर इंजिन चालवून तापवतात व बंद करून, ते गरम असतानाच लांब सॉकेट व टॉर्क पान्याने प्लग सैल करतात. या वेळी हात भाजू नये म्हणून हातमोजे आवश्यक असतात.

पान्यावरील जोराला मर्यादा असते. एम८ आट्यांच्या प्लगसाठी ती सुमारे २० न्यूटन-मीटर, तर एम१० साठी सुमारे ३५ न्यूटन-मीटर मानली जाते. तेवढ्याने प्लग न हलल्यास जोर न वाढवता तेल व उष्णतेची प्रक्रिया पुन्हा केली जाते. प्लग किंचित फिरल्यावर तो थोडा सैल व थोडा घट्ट असा आलटून पालटून फिरवतात, म्हणजे काजळी सुटत जाते. नवा प्लग बसवण्यापूर्वी छिद्रातील काजळी ग्रीस लावलेल्या रीमरने काढतात.

प्लग तुटल्यास

उरलेला भाग मार्गदर्शक नळीच्या आधाराने अचूक मध्यातून ड्रिल करून, विशेष अवजाराने काढला जातो. टोकाचा तुकडा सिलिंडरमध्ये पडल्यास पिस्टन व व्हॉल्व्ह यांची हानी होऊ शकते. म्हणून तो बाहेर निघेपर्यंत इंजिन फिरवले जात नाही. हेड उतरवावे लागल्यास नवे हेड गॅस्केट लागते आणि खर्च मूळ प्लगच्या किमतीच्या अनेक पट होतो.

भिंगार व नगर परिसर

अहमदनगर (अहिल्यानगर) शहरालगतच्या भिंगार छावणी परिसराचा लष्करी वाहनांशी जुना संबंध आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व शाळा, तसेच डीआरडीओची वाहन संशोधन व विकास आस्थापना या भागात आहेत. नगर–पुणे मार्गावरील रांजणगाव येथील कारखान्यात फियाटचे १,२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. ते फियाट व टाटाच्या मोटारींत वापरले जाई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर ते नव्या मोटारींतून मागे पडले. त्यामुळे रस्त्यावरील अशी इंजिने आता जुनी होत आहेत.

या भागात हिवाळ्यातील काही रात्री तापमान १० अंश सेल्सियसखाली जाते, मात्र वर्षाचा बहुतांश काळ उष्ण असतो. उष्ण हवेत एखादा प्लग निकामी असूनही इंजिन सहज सुरू होते. त्यामुळे बिघाड थंडीपर्यंत लक्षात येत नाही आणि तोवर प्लग हेडमध्ये अधिकच घट्ट बसलेला असतो.