दोन मौनांची गायिका

इटलीत मीना या नावापुढे आडनाव लावावे लागत नाही. नुसते 'मीना' म्हटले की पुरे. आपल्याकडे हे नाव गल्लोगल्ली सापडेल. तिकडे मात्र ते एकाच बाईचे समजले जाते. तिचे खरे नाव आना मारिया मॅझिनी. सावरकरांनी मराठीत आणलेल्या जोसेफ मॅझिनीमुळे हे आडनाव आपल्या वाचकांना परके नाही. पण आजचा विषय राजकारणाचा नाही, गाण्याचा आहे. अर्थात् गाण्याच्या गोष्टीत राजसत्ता कशी डोकावते, तेही ओघाने येईलच.

मीनाचा जन्म २५ मार्च १९४० चा, उत्तर इटलीत लोंबार्दी प्रांतातल्या बुस्तो आर्सित्सिओ या गावी. ती वाढली क्रेमोना शहरात. व्हायोलिन घडविणारा थोर कारागीर स्त्रादिवारी याच शहरातला. घरच्यांनी मुलीला हिशेबनिशीच्या शिक्षणाला घातले होते. १९५८ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब समुद्रकाठी गेले होते. व्हेर्सिलियाच्या त्या किनाऱ्यावर 'ला बुस्सोला' नावाची नाच-गाण्याची प्रसिद्ध जागा होती. ८ ऑगस्टच्या रात्री तिथला कार्यक्रम आटोपल्यावर ही अठरा वर्षांची मुलगी गंमत म्हणून मंचावर चढली आणि एक गाणे म्हणून मोकळी झाली. हिशेबाच्या वह्या मागे पडल्या, त्या कायमच्याच.

आता हा काळ कसा होता, ते पाहू. महायुद्धात पोळलेला देश नुकता सावरत होता. कारखाने वाढत होते, दक्षिणेकडचा शेतकरी पोटासाठी उत्तरेच्या शहरांत जात होता. 'राइ' या सरकारी प्रसारणसंस्थेने ३ जानेवारी १९५४ रोजी दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा घरोघर संच कुठले असायला? आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती मंडळी जमत, तशी तिकडे गावच्या कॉफीच्या दुकानात जमत. घरात ज्याची त्याची बोली. प्रमाण इटालियन भाषा अनेकांच्या कानांवर पडली ती या पडद्यावरून. आल्बेर्तो मांझी नावाच्या शिक्षकाने १९६० पासून याच पडद्यावर प्रौढांना अक्षरओळख करून दिली. कार्यक्रमाचे नावच होते 'शिकायला उशीर कधीच होत नाही'. सांगावयाचे एवढेच, की त्या देशात हा पडदा म्हणजे शाळा, चावडी आणि नाटकगृह, तिन्ही एकदम होते.

त्या वेळचे लोकप्रिय गाणे कसे होते? सान्रेमो गावी १९५१ पासून दर वर्षी गीतस्पर्धा भरे. गाणी गोड, संथ, छातीवर हात ठेवून म्हणावयाची. मीना आणि तिच्या बरोबरीची पोरे अमेरिकेकडून आलेल्या नव्या ठेक्यावर मोकळ्या गळ्याने गात. जुन्या मंडळींनी त्यांना नाव ठेवले 'उर्लातोरी', म्हणजे ओरडणारे! १९५९ साली 'तिंतारेल्ला दि लूना' हे चांदण्याने रापलेल्या मुलीचे गाणे मीनाने गाजविले, तेव्हा हे नाव तिला चिकटलेच. पण पुढच्याच वर्षी तिने जीनो पाओली याचे 'खोलीतले आकाश' हे गाणे म्हटले. त्यात आरडाओरडा नाही. आवाज हळूहळू उमलत जातो आणि चार भिंती विरून गेल्यासारखे वाटते. ही पोर नुसती ओरडत नाही, हे टीकाकारांनाही कबूल करावे लागले. तिचा गळा तीन सप्तकांत फिरतो असे सांगतात. पण खरी करामत कोणता स्वर कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा, या जाणकारीत आहे.

१९६१ च्या सान्रेमो स्पर्धेत तिच्या एका गाण्याचा पाचवा क्रमांक आला. त्यानंतर ती त्या स्पर्धेत पुन्हा उतरली नाही.

मग आले १९६३ साल. कोर्रादो पानी या नटापासून मीनाला दिवस गेले. तो विवाहित होता, पत्नीपासून वेगळा राहत होता. पण इटलीत त्या वेळी घटस्फोटाचा कायदाच नव्हता, त्यामुळे या दोघांना लग्न करणे शक्य नव्हते. मीनाने लपवाछपवी केली नाही. एप्रिलमध्ये मुलगा झाला. 'राइ'ने तिला पडद्यावरून दूर केले.

या बंदीचे वजन लक्षात घ्या. एका नाटक कंपनीने नाकारले तर गायिका दुसरीकडे जाईल. पण सबंध देशात प्रसारण करणारी संस्थाच एक, आणि तीही सरकारी. तिने दार लावले की देशभरच्या कॉफीच्या दुकानांतून तुमचा चेहरा पुसला जातो. गुन्हा काय? गाण्यात खोट नव्हती. बाईने आई होण्यासाठी कुणाची परवानगी विचारली नव्हती, एवढेच. त्या काळचा कायदाही असा, की व्यभिचाराबद्दल बायकोला शिक्षा होई आणि नवऱ्याला उघड रखेली ठेवली तरच होई. हा भेदभाव तिथल्या घटना-न्यायालयाने मोडायला १९६८ साल उजाडले.

लोकांनी मात्र तिला सोडले नाही. तिच्या तबकड्या खपतच राहिल्या. शेवटी १९६४ च्या जानेवारीत 'राइ'ने तिला परत पडद्यावर आणले. कायदा माणसांच्या मागून आला: १९७० च्या डिसेंबरात घटस्फोटाचा कायदा झाला आणि १९७४ च्या मे महिन्यात सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो राखला. हे सारे एका गायिकेमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु श्रोते कायद्याच्या आधीच बदलले होते, याची साक्ष तिच्या तबकड्या देतात.

पुढची दहा वर्षे तिच्या ऐश्वर्याची. 'स्तुदिओ ऊनो', 'कान्त्सोनिस्सिमा' अशा शनिवारच्या मोठ्या कार्यक्रमांची ती यजमानीण झाली. १९६६ साली एन्निओ मोर्रिकोने याने तिच्यासाठी 'से तेलेफोनांदो' हे गीत बांधले. पोलिसांच्या भोंग्यावरून ती चाल सुचली असे सांगतात. मूळ स्वर तीनच, पण मीना ते एकेक पायरी चढवत नेते. १९६७ मध्ये तिने वडिलांच्या साहाय्याने स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात स्वतःची तबकडी-कंपनी काढली. काय गावे आणि कसे गावे, हे ठरविणारी आता तीच. १९७२ चे 'पारोले पारोले', म्हणजे नुसते शब्द नि शब्द, हे गाणे तर परदेशांतही पोचले. १९७४ मध्ये राफाएल्ला कार्रा हिच्याबरोबर तिने 'मिल्लेलूची' हा कार्यक्रम केला. त्याच्या अखेरीस वाजणाऱ्या गाण्याचे नाव होते 'आता मी खेळत नाही'. दूरचित्रवाणीवरचा तो तिचा शेवटचा कार्यक्रम ठरला.

२३ ऑगस्ट १९७८ रोजी त्याच व्हेर्सिलियाच्या किनाऱ्यावर, 'बुस्सोलादोमानी' येथे तिने जाहीर मैफल केली आणि त्यानंतर ती लोकांसमोर मंचावर आली नाही. वय अवघे अडतीस, गळा भर बहरात. पण गाणे थांबले नाही. बहुतेक दर वर्षी नव्या गाण्यांचा संच येत राहिला. १९९८ मध्ये आद्रियानो चेलेन्तानो याच्याबरोबर केलेल्या संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००१ साली ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले तिचे चित्रण इंटरनेटवर दाखविले गेले, तर ते पाहायला लोकांची झुंबड उडाली.

अशी ही दोन मौने. पहिले सत्तेने लादलेले; ते एका वर्षाच्या आत मोडले. दुसरे तिने स्वतः पत्करलेले, ते टिकले. कलावंताने केव्हा दिसावे आणि केव्हा दिसू नये, हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर या दोहोंत आहे. प्रसारणाचे यंत्र ज्यांच्या हाती असते, त्यांना दार लावता येते. ऐकणाऱ्याच्या मनातून आवाज काढून टाकता येत नाही.

नभोवाणीच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्यांचा चेहरा आपण कधी पाहिला नाही, अशा किती आवाजांना आपण घरचे मानले आहे! शिक्षकांनी वर्गात कधी युरोपचा नकाशा उलगडला, तर रोम आणि मिलानबरोबर क्रेमोनावरही बोट ठेवावे. व्हायोलिनची कीर्ती त्या शहराला पूर्वीच होती. या मुलीने तिच्यात माणसाच्या गळ्याची भर घातली.