मेढे

मेढे : पोळ्याच्या सायंकाळी घराच्या दर्शनी दाराच्या दोन्ही अंगांस उभ्या करावयाच्या पळसाच्या पानांसकट डहाळ्या, आणि त्यांच्या योगाने एक रात्र घराची राखण करण्याची विदर्भातील कास्तकार वस्तीत परंपरेने चालत आलेली वहिवाट. मेढ किंवा मेढा म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. लाकडी खुंटांच्या तटबंदीला जुन्या लष्करी भाषेत ‘मेढेकोट’ म्हणत असत, हे ध्यानी घेतले म्हणजे दाराशी टेकविलेल्या दोन ओल्या डहाळ्यांस हे नाव का पडले असावे याचा काहीसा उलगडा होतो. यवतमाळ जिल्ह्यात, जेथे पळस माळावर, बांधावर आणि सागाच्या जंगलाच्या कडेने मुबलक उगवतो, तेथे या कामी लागणारे साहित्य विकत घ्यावे लागत नाही.

विदर्भात पोळा श्रावण अमावास्येस, म्हणजे पिठोरीस येतो. आदल्या सायंकाळी बैलांच्या खांद्यांस हळद-लोणी चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यावयाचे, पोळ्याच्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, पाठीवर झूल चढवून गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करावयाचे, तेथे झडत्या, म्हणजे पोळ्याची खटकेबाज गीते, म्हणावयाच्या, आणि तोरण सुटले की बैल घरी आणून त्यांना ओवाळून पुरणपोळी चारावयाची, हा क्रम सर्वपरिचित आहे. मेढ्यांचा विधी या उत्सवाच्या सावलीत पार पडत असल्यामुळे पाहुण्याचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यास मंत्र नाही, पुरोहित नाही, मुहूर्तही नाही. दिवेलागणीला कोणीतरी डहाळ्या आणतो आणि दाराच्या दोन्ही बाजूंस ठेवतो, एवढेच. खरे महत्त्व आहे ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेस. रात्रभर घरातील आणि घराभोवतीची ईडापिडा, खोकला, ताप, किडामुंगी ही सर्व त्या पानांत येऊन बसली असे समजून घरची मंडळी मेढे उचलतात, मोठ्याने आरोळ्या देत मारबतीस हे सर्व घेऊन जाण्याविषयी बजावतात, आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात.

मारबत ही पीडेची मूर्तिमंत नायिका होय. तिची सर्वांत ख्यातनाम मिरवणूक नागपूरची. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून मिरवून जाळल्या जातात, आणि बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या मिषाने चालू वर्षातील महागाई, भ्रष्टाचार आणि पुढारी यांचाही समाचार घेतला जातो. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांस मिळालेल्या भोसले घराण्यातील बाकाबाईशी जोडणारी आख्यायिका सांगितली जाते; ती राजकीय रंग चढलेली उत्तरकालीन उपपत्ती असावी, कारण खेड्यांतील मारबतीस कोणत्याही राणीची गरज भासत नाही. नागपुरात हे प्रकरण शहराचे झाले. वऱ्हाडच्या गावांत ते प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी राहिले. वर्षाच्या ज्या दिवसांत विहिरी गढूळ होतात, घरात ओल धरते, डासांचा आणि सर्पांचा उपद्रव वाढतो आणि पूर्वी पटकीच्या साथी फैलावत असत, नेमक्या त्याच दिवसांत ही उपाययोजना यावी, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

घर सजवून अमानुषाशी व्यवहार करण्याची ही रीत जगात एकटी नाही. 31 ऑक्टोबरच्या रात्री, ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाच्या पूर्वसंध्येस, पाश्चात्त्य देशांत पाळल्या जाणाऱ्या हॅलोवीनचे मूळ बहुतेक अभ्यासक साउइन या प्राचीन केल्टिक ऋतुसंधीच्या सणाशी जोडतात. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत स्थायिक झाले, तेथे लाल भोपळा सहज मिळे आणि तो पोखरण्यास सोपा, म्हणून सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. आज तेथील अंगणांत सांगाडे, कोळ्यांची कृत्रिम जाळी आणि थडग्यांच्या प्रतिकृती मांडून घराचा दर्शनी भाग मुद्दाम भयप्रद केला जातो. दोहोंतील भेद असा की, भोपळ्याचे विक्राळ तोंड येणाऱ्यास भिववून परतविण्यासाठी आहे, तर मेढे येणाऱ्यास जागा देतात; पीडेने त्यांवर येऊन बसावे हीच अपेक्षा, आणि म्हणूनच सकाळी त्यांची हकालपट्टी अनिवार्य. टाकले न जाणारे मेढे हे घरात मुक्कामास ठेवून घेतलेल्या रोगासारखे मानले जातील.

भोपळ्याचा विषय निघाला म्हणून कोहळ्याचा दाखला देणे उचित ठरेल. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरील पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा तेलुगू मुलूख लागतो, आणि तेथे घरांच्या दर्शनी भागी ‘बूडिद गुम्मडि’, म्हणजे राखेचा भोपळा, टांगलेला आढळतो. राख ही त्याच्या सालीवरील नैसर्गिक पांढऱ्या मेणचट थराची. नवीन इमारतीवर राक्षसाचे तोंड रंगविलेला भोपळाही दृष्ट उतरविण्यास टांगतात. महाराष्ट्रातही दारावर शिंक्यात कोहळा बांधण्याची चाल अनेक घरांत आहे. तो पोखरीत नाहीत आणि त्यात दिवाही ठेवीत नाहीत. तो सडला की दृष्ट त्याने स्वतःवर घेतली असे समजून बदलतात.

घराच्या अंतर्भागाची व्यवस्था पोळ्याच्या एक महिना आधी, आषाढ अमावास्येस होते. त्या दिवशी पूर्व विदर्भातील गावांत लोहार घरोघर जाऊन दाराच्या चौकटीस खिळा ठोकतो, ढिवर आपले मासे धरण्याचे जाळे घरच्या माणसांवर क्षणभर टाकतो, चौकटीत निंबाचा डहाळा खोचला जातो, आणि मोबदल्यात या मंडळींस धान्य वा पैसे मिळतात. बलुतेदारीच्या जुन्या दस्तुराचाच हा एक अवशेष होय. छत्तीसगडमध्ये याच अमावास्येस ‘हरेली’ म्हणतात, आणि तेथेही निंबाची डहाळी व लोहाराचा खिळा दारावर असतोच. तेव्हा ही पद्धत प्रांतांच्या सरकारी सीमांपेक्षा जुनी मानावी लागते. भिंतीवर याच सुमारास जिवतीचा कागद लावतात. छापील पटात वरच्या बाजूस नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, आणि तळाशी हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती अशी मांडणी असते. श्रावणात शुक्रवारी त्याची पूजा होते. यांतील जरा ही मूळची राक्षसी. महाभारताच्या सभापर्वात जरासंधाची दोन शकले सांधणारी ती हीच, आणि तेथे ती स्वतःस गृहदेवी म्हणवून, मुलाबाळांनी वेढलेले आपले चित्र जो भिंतीवर काढील त्याच्या घराची भरभराट होईल असे राजास सांगते. राक्षसीस दाराबाहेर हाकलण्याऐवजी तिला भिंतीवर सन्मानाचे स्थान देऊन मुलांचे रक्षण तिच्यावरच सोपविण्याची ही युक्ती, प्रस्तुत लेखकाच्या मते, दारावरील कोणत्याही भयंकर मुखवट्याहून अधिक चतुर आहे.

अलीकडे सिमेंटच्या घरांना चौकट असली तरी खिळा ठोकण्याजोगे लाकूड असतेच असे नाही. शहरी यवतमाळात सजावटीचा खर्च आणि हौस मुख्यतः नवरात्रातील दुर्गोत्सवाच्या देखाव्यांकडे वळली आहे, आणि त्यासाठी या शहराचे नाव सर्व विदर्भात घेतले जाते. मेढ्यांस मिरवणुकीचे वैभव कधीच नव्हते, त्यामुळे ते गेले तरी बातमी होणार नाही.

दिवाळीतील लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री केरसुणीने घर झाडून, सूप वाजवून अलक्ष्मीस बाहेर घालविण्याचा विधीही मेढ्यांच्याच कुळातला. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पायरीवर तर कित्येकदा रांगोळी, आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा ही तिन्ही एकत्र नांदतात, कारण दिवाळी आणि हॅलोवीन यांच्या तिथी-तारखा जवळजवळ येतात. 2024 साली नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबर याच दिवशी होती.