आत जाण्याचा हुकूम

पुण्यात एखाद्याच्या वागण्याला ताळतंत्र उरले नाही की ‘याला आता येरवड्याला पाठवा’ असे म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. आणि म्हणणाऱ्याच्या मनात तुरुंग आहे की वेड्यांचे इस्पितळ, याचा उलगडा ऐकणाऱ्याने आपापल्या परीने करून घ्यायचा असतो. या संदिग्धतेला इतिहासाचा चांगलाच आधार आहे. मुळा-मुठेवर १८६९ मध्ये फिट्झजेराल्ड पूल खुला झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी पलीकडच्या मोकळ्या माळावर कारागृह उभे राहिले, आणि १९१५ मध्ये त्याच परिसरात मुंबई इलाख्याच्या मध्यवर्ती वेड्यांच्या इस्पितळाची भर पडली. येरवडा म्हटले की मराठी वाचकाला गांधीजींचे उपोषण आणि १९३२ चा पुणे करार आठवतो. तुरुंगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, कारण तेथले बंदिवान लिहिते होते. शेजारच्या रुग्णालयाचा इतिहास मात्र कायद्याच्या कलमांतून आणि सरकारी दप्तरांतून हुडकावा लागतो, कारण तेथे राहून गेलेल्यांच्या साक्षीला कोर्टात आणि समाजात सारखीच किंमत होती, म्हणजे मुळीच नव्हती.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे वेडाचा बंदोबस्त घर आणि देवस्थान यांच्याकडेच असे. नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापुरास नेऊन सोडलेला, महिनोन् महिने प्रदक्षिणा घालणारा, संगमावर स्नान करणारा आणि मधुकरीवर जगणारा ‘झपाटलेला’ माणूस हा त्या क्षेत्रांच्या परिचित दृश्याचाच भाग होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे साखळदंड होते आणि मारही होता. परंतु सरकारचा हुकूम, डॉक्टरचा दाखला आणि पोलिसाचा पंचनामा यांपैकी एकाचेही नाव तेथे नव्हते. हे तिन्ही आले ते १८५८ साली, कंपनीचा कारभार संपून राणीचे राज्य सुरू होण्याच्या संधिकाळात. त्या वर्षी ३४, ३५ आणि ३६ क्रमांकांचे तीन आक्ट एकापाठोपाठ मंजूर झाले. पहिले दोन मुख्यतः वेड ठरलेल्या माणसाच्या मिळकतीची व्यवस्था कोणी पाहावी याविषयी होते, आणि तिसरा त्या माणसाला कोठे ठेवावे याविषयी. माणसाच्या आधी त्याच्या इस्टेटीची चिंता वाहणारा हा अनुक्रम योगायोगाचा असेलही. त्या राज्याच्या एकंदर स्वभावाशी तो विसंगत मात्र नाही.

मुंबईत कुलाब्याचा आश्रम त्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुरू झालेला होता, आणि शतक सरता सरता तेथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. रत्नागिरी आणि नागपूर येथे इस्पितळे झाली, विसाव्या शतकाच्या आरंभी नरोत्तम माधवदास यांच्या नावाने ठाण्याचे इस्पितळ उभे राहिले, तरी गर्दी हटेना. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारच्या धोरणाने वळण घेतले: जिल्ह्याजिल्ह्यातून तुरुंगाच्या आडोशाने चाललेले लहान पागलखाने मोडीत काढावेत, आणि प्रत्येक प्रांतात एक मोठे, सर्व सोयींनी युक्त, पूर्णवेळ वैद्यकीय अधीक्षकाच्या हाताखालचे मध्यवर्ती इस्पितळ बांधावे. येरवड्याचे इस्पितळ हे या धोरणाचे अपत्य होय. पुढे तेथील मंजूर खाटांची संख्या २,५४० वर गेली आणि देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होऊ लागली. एवढ्या मोठ्या संख्येचा पुष्कळांना अभिमान वाटतो. मला त्यात अभिमानापेक्षा एक सोय अधिक दिसते: सातारा, सोलापूर, नगर, नाशिक अशा दूरदूरच्या गावांतून आणलेला रोगी जितका लांब, तितकी त्याला भेटायला जाण्याची निकड कमी.

हे इस्पितळ ज्या कायद्यान्वये चालले तो १९१२ चा ४ था आक्ट, म्हणजेच ‘वेड्यांचा कायदा’, आज कोणी वाचीत नाही. परंतु सुमारे ऐंशी वर्षे महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांचे भवितव्य त्याच्या कलमांवर लटकलेले होते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. आत जाण्याचा राजमार्ग म्हणजे मॅजिस्ट्रेटचा दाखल करून घेण्याचा हुकूम. तो मिळवण्यासाठी पती, पत्नी अथवा अन्य नातलगाने दरखास्त करावयाची, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे, आणि दरखास्त करण्यापूर्वीच्या चौदा दिवसांत आपण त्या इसमास समक्ष पाहिले आहे असे लिहून द्यावयाचे. दुसरा मार्ग पोलिसांचा: रस्त्यावर भटकणाऱ्या आणि वेडा वाटणाऱ्या माणसाला ठाणेदार धरू शकत असे, तो धोकादायक वाटला तर धरणे त्याला भागच होते, आणि मग मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून पुढची तजवीज होई. ज्यांचे नातलग खटपटी आणि खर्च सोसणारे असत ते पहिल्या मार्गाने येत आणि निराधार दुसऱ्या मार्गाने. दोघांच्या अंगावर इस्पितळाचे कपडे मात्र सारखेच चढत.

देखरेखीची व्यवस्थाही कायद्याने लावून दिली होती, आणि कागदावर ती मोठी कडेकोट होती. प्रत्येक इस्पितळासाठी सरकारने निदान तीन अभ्यागत नेमावेत, त्यांतील एक तरी वैद्यकीय अधिकारी असावा, आणि त्यांच्यापैकी दोघांनी, डॉक्टरासह, महिन्यातून एकदा तरी इस्पितळाचा कानाकोपरा पाहून आपला अभिप्राय वहीत नोंदवावा. या अभ्यागतांमध्ये पदसिद्ध म्हणून एका अधिकाऱ्याची योजना होती. तो आरोग्य खात्याचा असेल अशी वाचकाची अटकळ असल्यास ती चुकीची आहे. तो तुरुंगांचा इन्स्पेक्टर जनरल होता. येरवड्यात त्याला फार लांब जावे लागत नसे, एवढे खरे.

या कायद्यात एक कलम असे होते की ज्यात त्याचा सगळा मनोधर्म एकवटला आहे. स्वतःच्या इच्छेने उपचार घेऊ पाहणाऱ्याला ‘बोर्डर’ म्हणून आत घेण्याची मुभा होती. पण त्यासाठी अभ्यागतांपैकी दोघांची संमती लागे. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने ज्याला ओढून आणले त्याच्यासाठी दार तत्काळ उघडे, आणि जो आपल्या पायांनी चालत आला त्याने परवानगीची वाट पाहत थांबायचे! मात्र न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे की, असा बोर्डर निघून जाण्याची लेखी इच्छा व्यक्त करील तर चोवीस तासांहून अधिक काळ त्याला अडवता येत नसे. संपूर्ण कायद्यात रोग्याच्या शब्दावर दार उघडण्याची ही बहुधा एकमेव जागा. इतरांचे काय? तीन अभ्यागत मिळून एखाद्याच्या सुटकेचा हुकूम देऊ शकत. अथवा एखादा आप्त पुढे येऊन, याची नीट काळजी घेईन आणि याच्या हातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही असा मुचलका लिहून देई, आणि रोगी त्याच्या हवाली होई. आप्त आलाच नाही तर काय करावे, याविषयी आक्ट मौन पाळतो. येरवड्याच्या भिंतीआड ज्यांचे तारुण्य आणि म्हातारपण दोन्ही सरले, त्यांच्या दीर्घ मुक्कामाचे मूळ रोगात जितके शोधावे लागते तितकेच या मौनात.

पुढच्या तीन-चार दशकांत नावे पालटली, १९२० नंतर ‘ल्युनॅटिक असायलम’ची पाटी उतरून ‘मेंटल हॉस्पिटल’ची चढली, आणि उपचारही हळूहळू आले: प्रथम गुंगीची औषधे, मग झटके आणणारी इंजेक्शने, १९३८ मध्ये रोममध्ये निघालेली विजेच्या झटक्याची पद्धती, आणि १९५२ मध्ये पॅरिसमध्ये सापडलेले क्लोरप्रोमाझिन, ज्याने जगभरच्या अशा इस्पितळांतला आरडाओरडा एकाएकी कमी केला. (त्याच्या वीस वर्षे आधी, १९३१ मध्ये, आपल्या सर्पगंधेचा उन्मादावरील गुण दोन भारतीय वैद्यकांनी छापून प्रसिद्ध केला होता, जगाने त्याकडे लक्ष दिले ते बऱ्याच उशिरा.) स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या सर्व कारभाराचा पहिला जमाखर्च मांडला तो भोर समितीने. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, आणि त्यांचे शिक्षण झाले डेक्कन कॉलेजात, म्हणजे याच येरवड्याच्या माळावर. १९४६ च्या त्यांच्या अहवालात हिशेब असा होता की इंग्लंडात दर तीनशे माणसांमागे मानसिक रोग्यांसाठी एक खाट, तर हिंदुस्थानात दर चाळीस हजारांमागे एक. समितीच्या शिफारशींतील इतर पुष्कळ गोष्टी झाल्या. १९१२ चा आक्ट मात्र जसाच्या तसा राहिला, आणि स्वतंत्र भारताने तो आणखी चार दशके वापरला.

या काळात तुरुंग आणि इस्पितळ यांची जवळीक केवळ येरवड्याच्या भूगोलापुरती राहिलेली नव्हती. देशाच्या कित्येक भागांत, कोणताही गुन्हा न केलेल्या वेड्या माणसांना इस्पितळात जागा नाही म्हणून सरळ तुरुंगात ठेवण्याची वहिवाट पडली होती. पत्रकार शीला बर्से यांनी पश्चिम बंगालमधील अशा बंदिवानांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि ही वहिवाट बेकायदा आहे असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले ते १९९३ साली.

येरवड्याच्या आवारात मात्र त्यापूर्वीच एक निराळा प्रयोग सुरू झालेला होता. डॉ. अनिता अवचट या तेथील मनोविकारतज्ज्ञ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’वरील लेखन पुण्यात खळबळ उडवीत असताना पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये पुढे केले, आणि १९८६ मध्ये या रुग्णालयाच्याच एका इमारतीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येथे येणारा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने येत नव्हता. बरा झालेला रुग्णच नव्या रुग्णाची समजूत घालीत होता. आणि बायको-मुलांना भेटीच्या वेळेपुरते न बोलावता त्यांनाही उपचाराचा भाग केले जात होते. त्याच भिंतींच्या आत हे घडू शकले, यावरून दोष विटांचा नव्हता हे सिद्ध होते. तथापि व्यसनाच्या रोग्याला बहुधा घर असते, त्याची वाट पाहणारे कोणी असते. शेजारच्या वॉर्डांतील पुष्कळांना ते नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

अखेर १९८७ मध्ये संसदेने नवा मानसिक आरोग्य कायदा केला आणि तो १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. खाजगी मनोरुग्णालयांना आता परवाना घ्यावा लागणार होता, त्यांची तपासणी होणार होती, आणि त्यावर लक्ष ठेवायला केंद्रात व राज्यांत प्राधिकरणे बसणार होती. परवान्याच्या या अटीतून एकच वर्ग वगळण्यात आला: सरकारी रुग्णालये. चार खाटांच्या शुश्रूषागृहाने सनद दाखवावी आणि अडीच हजार खाटांच्या येरवड्याला कोणी काही विचारू नये, अशी ही रचना होती. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील सदतीस सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील पुष्कळ संस्था अद्याप कोंडवाड्याच्याच वळणाने चालल्या असल्याचे बाहेर आले. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथील दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने जखडलेली पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली. तपासणी ज्यांची व्हायची त्यांची झाली नव्हती, आणि ज्यांना तपासणीतून सूट दिली होती त्यांची अवस्था आयोगाने आधीच सांगितली होती.

त्यानंतरच्या कायद्याच्या घडणीत पुन्हा पुण्याचा हात आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आणि जुना कायदा बदलणे क्रमप्राप्त झाले. मसुद्याच्या कामी पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांनी केंद्र सरकारला साहाय्य केले. २०१७ चा हा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याची कलमे वाचताना जुन्या इस्पितळांचा संसार उलट बाजूने डोळ्यांपुढे येतो: रुग्णाचे डोके सक्तीने भादरू नये, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावेत, त्याने काम केले तर त्याचा मोबदला द्यावा, त्याला साखळीने बांधू नये, भूल दिल्यावाचून विजेचा झटका देऊ नये. जे प्रत्यक्ष चालत होते तेच कायद्याने निषिद्ध करावे लागते. भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी कोठडीत न घालता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे आहे. सरकारी रुग्णालयांनाही आता नोंदणी अटळ आहे. अभ्यागतांच्या जागी जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन मंडळ आले, आणि त्यात मानसिक आजार भोगलेल्या माणसाला सदस्य म्हणून बसण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१२ च्या आक्टाच्या कर्त्यांना ही कल्पना ऐकूनच घेरी आली असती.

आणि बाहेर जाण्याच्या दाराचे काय? नव्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने प्रथमच त्या मौनाला वाचा फोडली. कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशांसाठी हाफ-वे होम आणि सामूहिक निवास उभारणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. गृहे उभारण्याला पैसा लागतो आणि कलम लिहिण्याला तेवढा लागत नाही. महाराष्ट्र सरकारने यातून एक पळवाट काढली: बऱ्या झालेल्या रुग्णांची रवानगी वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरी गृहांत करण्यास सुरुवात केली. भिक्षेकरी गृह हे १९५९ च्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्याने चालणारे, भीक मागितल्याबद्दल माणसाला डांबून ठेवण्याचे स्थान. म्हणजे एका कोंडीतून सुटलेल्याला, काहीही गुन्हा नसताना, दुसरीत नेऊन सोडण्याचाच हा प्रकार होता. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा तत्काळ बंद करण्याचा आदेश महाराष्ट्राला दिला. भिक्षेकरी गृहाचा तो आडमार्ग त्यामुळे बंद झाला. ज्या गृहांचे कर्तव्य कायद्याने सरकारच्या माथी घातले आहे ती गावोगाव, रुग्णाच्या नात्यागोत्याच्या मुलखात, उभी करण्याचे काम मात्र न्यायालयाच्या हुकमाने होण्यासारखे नाही. त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि त्याहून दुर्मीळ अशी गोष्ट, म्हणजे अशा घराला जागा देणारे शेजारी.