दुष्काळाचा जमाखर्च

दुष्काळाचें नांव निघालें कीं आपली दृष्टि प्रथम आकाशाकडे जाते. हें स्वाभाविकच आहे. तथापि दुष्काळाचा खरा हिशेब ढगांत नसून सावकाराच्या वहींत, सरकारी वसुलाच्या पत्रकांत आणि बाजारभावांत सांपडतो, असें आमचें मत आहे. पाऊस न पडणें ही निसर्गाची गोष्ट. परंतु त्या न पडलेल्या पावसाची किंमत कोणीं भरावयाची, हें माणसें ठरवितात. दक्षिणेंतील 1876 ते 1878 च्या दुष्काळाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

या दुष्काळाची तयारी पंधरा वर्षें आधींपासून चालली होती. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला. त्यामुळें आपल्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. हातांत पैसा खेळूं लागल्याबरोबर शेतकऱ्याची पतही वाढली व कर्जही वाढलें. युद्ध संपतांच भाव कोसळला. परंतु पुणें जिल्ह्यांत पुढें जी फेर-आकारणी झाली तिनें सारा मात्र वाढविला. उत्पन्न उतरलें आणि देणें चढलें, असा हा उलटा संसार झाला. मे 1875 मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, तें याच कोंडींतून. पुढच्याच वर्षीं पावसानें पाठ फिरविली, तेव्हां कित्येकांचीं पेवें व पेट्या आधींच रिकाम्या झाल्या होत्या.

देशांत धान्य मुळींच नव्हतें काय? तसें नाहीं. इतर प्रांतांतून आगगाडीनें धान्य दक्षिणेंत येत होतें, आणि त्याच काळांत हिंदुस्थानचा गहू विलायतेसही जात होता. परंतु आगगाडी भुकेच्या हांकेला ओ देत नाहीं, भावाला देते. ज्याच्या शेतांत काम उरलें नाहीं आणि ज्याचे बैल मातीमोल विकले गेले, त्याला दुकानांतील भरलेल्या पोत्यांचा काय उपयोग? अमर्त्य सेन यांनीं 1981 च्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व शास्त्रीय रीतीनें मांडलें. धान्य असणें वेगळें आणि तें मिळविण्याचें सामर्थ्य असणें वेगळें.

सर रिचर्ड टेंपल यांचें उदाहरण येथें फार बोधप्रद आहे. 1874 सालीं बिहारांत त्यांनीं ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून सढळ हातानें वाटला आणि भूकबळी अगदींच थोडे होऊं दिले. याबद्दल त्यांच्या वांट्यास आली ती उधळेपणाची टीका! 1877 च्या आरंभीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं त्यांनाच दक्षिणेंत पाठविलें, तेव्हां त्यांनीं काटकसरीचा धडा पुरता गिरविला होता. खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्य आणि वर एक आणा, एवढी मजुरी त्यांनीं पुरेशी ठरविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं तिला कसून विरोध केला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली.

दुष्काळ-आयोगाच्याच अजमासानें एकट्या ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें अधिक मेलीं. मजुरींत वांचविलेला पैसा खजिन्याच्या वहींत शिल्लक म्हणून दिसला. मेलेलीं माणसें, विकलेलीं जनावरें व ओस पडलेल्या जमिनी यांचें खातें त्या वहींत नव्हतेंच. हा जमाखर्च खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो अपुरा होता, आणि असा अपुरेपणा खोटेपणाहून घातक असतो.

यांतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं, असें मात्र नव्हे. स्ट्रेची यांच्या आयोगानें 1880 सालीं अहवाल दिला व त्यावरून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. दुष्काळ-निवारणासाठीं दरसाल दीड कोट रुपये राखण्याचें ठरून त्याकरितां नवे करही बसले. परंतु तो पैसा अफगाण युद्धाकडे वळल्याचा बोभाटा लौकरच झाला. 1896 च्या दुष्काळांत टिळकांनीं शेतकऱ्यांस सांगितलें तें हेंच कीं, संहितेंत लिहिलेलें दान नसून हक्क आहे.

तो हक्क खरा कायद्यांत उतरावयास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. 1972–73 च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत पराकाष्ठेच्या वेळीं पन्नास लाखांच्या आसपास माणसें सरकारी कामांवर होतीं. हाल झाले, गुरें मेलीं. परंतु 1877 ची पुनरावृत्ति झाली नाहीं. पुढें 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठीं शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय-कर बसला. आपल्या पगारांतून कापली जाणारी ती लहानशी रक्कम म्हणजे पावसाच्या जोखमींत शहरानें उचललेला वांटा होय, हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल?

आतां प्रश्न अधिक बिकट झाला आहे. विमा असो वा राखीव निधि, दोहोंचा आधार एकच: संकट क्वचित् यावें आणि मधल्या चांगल्या वर्षांत पेव पुन्हां भरावें. पृथ्वीचें तपमान वाढत असतां हा आधारच ढळूं लागला आहे. 1950 ते 2015 या काळांत मध्य हिंदुस्थानांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें. 2019 सालीं मराठवाड्यांत उन्हाळ्यांत टँकर व चाराछावण्या होत्या, आणि ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीकडे लोक छपरांवर बसून नावांची वाट पाहत होते. एकाच वर्षांत एकाच तिजोरीवर दोन्ही हुंड्या आल्या.

अशा काळांत संकटास अपवाद समजून त्याचा खर्च ऐनवेळीं काढणें म्हणजे 1877 चीच वही पुढें चालविणें होय. निवारणाचा खर्च आता नित्याच्या अंदाजपत्रकांत, सुकाळांतच, मांडला पाहिजे. आणि त्या वहींत शिलकेच्या आंकड्याशेजारीं बैल, जमीन व माणूस यांचेही रकाने असले पाहिजेत.