कावसजीचें नाक आणि परकी कातडी

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापलेलें एक पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. इंग्रज फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक बसविलें. (‘कावसजी’ हा उच्चार पारशी वळणाचा आहे, मूळ नांव इंग्रजी लेखनावरून ठरविणें धोक्याचें.)

एकाचा अवयव दुसऱ्यास जोडण्याची विद्या आपल्याकडे होती, असें अनुमान या पत्रावरून कधीं कधीं काढण्यांत येतें. पत्र तसें म्हणत नाहीं. मेणाचा पातळ पत्रा कपाळावर पसरून आंखणी केली, तेवढी कातडी सोडविली. परंतु दोन डोळ्यांमधील पट्टा अखंड ठेवला, म्हणजे रक्त वाहतें राहिलें. काथाच्या लेपानें सांधा धरला व सुमारें पंचविसाव्या दिवशीं पट्टा तोडला. कातडी कावसजीचीच होती, हेंच यशाचें मर्म. दुसऱ्याची असती तर थोड्याच दिवसांत झडून गेली असती. व्यक्तीव्यक्तींतील हा भेद इटलीच्या टाग्लियाकोत्सीनें १५९७ च्या आपल्या ग्रंथांत ओळखला होता. कारण मात्र कोणास ठाऊक नव्हतें.

१९४३ त गिब्सन व मेडावार यांस ग्लासगो येथें एका भाजलेल्या रुग्णावर असें दिसलें कीं, त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदां लावल्यास ती पहिलीहून लवकर नष्ट होते. अर्थात् शरीर परक्यास ओळखतें व तें स्मरणांत ठेवतें. मग ही ओळख येते केव्हां?

उत्तराचा धागा गोठ्यांत सांपडला. गाईच्या जुळ्यांच्या वारेंतील रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींस मिळतात. म्हणूनच गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वांझ निघते. १९४५ त विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांनीं दाखविलें कीं, अशा जुळ्यांत प्रत्येकाच्या अंगीं दोघांचेंही रक्त पुढें मोठेपणींही नांदतें. यावरून बर्नेट व फेनर यांनीं १९४९ त तर्क केला कीं, जन्मापूर्वीं जें भेटेल तें शरीर आपलेंच मानीत असावें.

१९५३ त बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावार यांनीं हा तर्क कसास लावला. एका वाणाच्या उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या वाणाच्या पेशी टोंचल्या. मोठेपणीं त्याच वाणाची कातडी लावली असतां पहिल्या पांच पिलांपैकीं तिघांनीं ती स्वीकारली. तिसऱ्या वाणाची कातडी मात्र अशीं पिलें झिडकारीतच. पुढें १९६१ त मिलर यांनीं नवजात उंदरांची थायमस ग्रंथि काढली, तेव्हां त्यांस परकें ओळखतां येईना. ही ग्रंथि छातीच्या हाडामागें असते. स्वकीयांवर उठणाऱ्या पेशी तेथेंच मोठ्या प्रमाणांत मारल्या जातात, हें नंतर उलगडलें.

१९६० चें नोबेल पारितोषिक बर्नेट व मेडावार यांस मिळालें; ओवेन यांचें नांव त्यांत नव्हतें. पुण्याच्या कारागिराचें तर मूळ पत्रांतही नाहीं.