गिटारवरील चित्रपटगीते

गिटारवरील चित्रपटगीते : लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली शब्दांवाचून, गिटार हे प्रधान वाद्य योजून वाजविलेल्या ध्वनिमुद्रिकांचा प्रकार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः १९५० ते १९८० या काळात, मुंबई व कोलकाता येथील ध्वनिमुद्रण व्यवसायात तो भरभराटीस आला. मूळ गीतात वाद्यवृंदाचा अनामिक घटक असलेला वादक या ध्वनिमुद्रिकांमुळे नावानिशी श्रोत्यांपुढे आला, हे या प्रकाराचे विशेष महत्त्व होय.

या ध्वनिमुद्रिकांत प्रामुख्याने हवाईयन पद्धतीची गिटार वापरली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रूढ झालेल्या या वादनपद्धतीच्या जनकत्वाचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यास दिले जाते. या पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडतात व डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवरून सरकवितात. तार पडद्यावर दाबली जात नसल्याने दोन स्वरांमधील सर्व स्थाने वादकास मोकळी होतात. विचित्रवीणेवर बट्ट्याने जे साधते, तेच येथे दांडीने साधते. मींड व कंपन यांवर आधारलेल्या भारतीय गायकीचे अनुकरण करण्यास ही पद्धत म्हणूनच सोयीची ठरली. हवाईयन वादक ताऊ मो यांचे कोलकात्यात दीर्घकाळ वास्तव्य होते. तेथे या वादनाचा प्रसार होण्यास त्यांचा मोठा हातभार लागला.

लाकडी गिटारीचा नाद मात्र छेडल्यानंतर त्वरित विरतो. गायकाने लांबविलेला स्वर तीवर टिकविणे कठीण जाते. १९३२ मध्ये रिकनबॅकर यांच्या अमेरिकेतील कारखान्याने विद्युत् गिटार बाजारात आणल्यावर ही अडचण दूर झाली. वाद्याला गळ्यासारखा दीर्घ श्वास लाभला. मुंबईत या वाद्याला लोकप्रियता मिळवून देणाऱ्यांत व्हॅन शिप्ली (१९२७–२००८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. लखनौस जन्मलेले शिप्ली व्हायोलिनही वाजवीत. हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करीत असतानाच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीसाठी त्यांनी चित्रपटगीतांच्या अनेक ध्वनिमुद्रिका केल्या. ‘द मॅन विथ द गोल्डन गिटार’ ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. पुण्याचे एकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांनी त्यांना साथ केली. पुढे डॅनियल्स यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. एस. हजारासिंग, चरणजितसिंग (मृत्यू २०१५) तसेच कोलकात्याचे काझी अनिरुद्ध व सुनील गांगुली हे या क्षेत्रातील अन्य उल्लेखनीय गिटारवादक होत.

या ध्वनिमुद्रिकांची रचना सामान्यतः ठराविक असे. मुखडा व अंतरा गिटारवर, तर मधले वाद्यसंगीताचे तुकडे एकॉर्डियन किंवा अन्य वाद्यांवर वाजविले जात. गीताची कडवी शब्दांमुळे परस्परांहून वेगळी भासतात. शब्द वगळल्यावर एकच चाल पुन्हा पुन्हा येत राहते. ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून वादक सप्तक बदली, हरकती घेई किंवा दुय्यम स्वरांची जोड देई. तथापि चाल ओळखू येणार नाही इतका बदल त्याला करता येत नसे. श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणत असतो व वादकाने त्याला त्या शब्दांपर्यंत पोहोचवावयाचे असते. या मर्यादेमुळे असे वादन दुय्यम दर्जाचे मानण्याकडे जाणकारांचा कल राहिला. प्रत्यक्षात गायकाचा श्वास, शब्दावरील आघात व लय यांचे सूक्ष्म ज्ञान असल्यावाचून ते साधत नाही.

या प्रकाराच्या प्रसारास नभोवाणीने मोठा हातभार लावला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली. दोन कार्यक्रमांमधील वा बातम्यांपूर्वीची उरलेली मिनिटे भरून काढण्यास शब्दविरहित धुना सोयीच्या असत. धून मध्येच थांबविली, तरी फारसा रसभंग होत नसे. त्यामुळे मुंबईपासून दूर, गोदावरीकाठच्या पुणतांब्यासारख्या गावीही या वाद्याचा नाद पोहोचण्याचा मार्ग खुला झाला.

चित्रपटगीताच्या तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार व चित्रपट यांची नावे छापली जात. वादकांची नावे क्वचितच येत. मुंबईच्या वाद्यवृंदांतील अनेक वादक गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकून आलेले होते, परंतु त्यांच्या कामाची नोंद फारशी उरली नाही. गिटारवरील ध्वनिमुद्रिकांत हा क्रम उलटला. वेष्टनावर वादकाचे नाव ठळक अक्षरांत व छायाचित्रासह येऊ लागले. मात्र ही प्रसिद्धी त्याला इतरांची गीते वाजवूनच मिळाली.

याच वाद्याचा वेगळा उपयोग ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी केला. चित्रपटगीतांकडे न वळता त्यांनी गिटारवर रागसंगीत वाजविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका मराठी भावगीतगायक व ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे अधिकारी गो. ना. जोशी यांच्या पुढाकाराने निघाली. पाश्चात्त्य देशांत प्रवास उलट दिशेने झाला : विद्युत् गिटारसाठी ख्यातनाम असलेल्या एरिक क्लॅप्टन यांनी जानेवारी १९९२ मध्ये जुनी ब्लूज गीते व स्वतःच्या काही रचना लाकडी गिटारवर सादर केल्या. त्यांच्या ‘अनप्लग्ड’ या ध्वनिमुद्रिकेस १९९३ मध्ये वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार लाभला.

पूर्वप्रसिद्ध गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यास १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमात विशिष्ट अटींवर मुभा होती. १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींच्या व्यवसायाने तिचा मोठ्या प्रमाणावर लाभ घेतला. २०१२ च्या दुरुस्तीने या अटी कडक केल्या. त्यांनुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटावी लागतात आणि प्रतिवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क आगाऊ द्यावे लागते. त्याच दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंतांचे हक्क विस्तारले. परंतु चित्रपटातील ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव व्यवसायाच्या प्रथेनुसार श्रेयनामावलीत येत नाही, त्यास अत्यंत मर्यादित बाब वगळता ‘प्रयोगकर्ता’ मानले जात नाही. नाव छापले जाणे ही केवळ मानाची बाब नसून हक्काचीही आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्या दृष्टीने गिटारवरील या ध्वनिमुद्रिका करमणुकीचे साधन तर होत्याच, शिवाय चित्रपटसंगीताच्या इतिहासात वादकाच्या कर्तृत्वाची नावासह उरलेली मोजकी साधनेही त्याच होत.